भारंभार गूळ

नवरा पोटभर जेवला म्हनून बायकोनं रागवावं, असं कुठं ऐकलं काय तुमी? मी रागावत होती. तिवश्याजवळच्या आमच्या गावात मले सुभद्रा कमी अन् तिखट मिर्ची जास्त म्हनतात. म्हनू द्या. माह्या रागाले कारन होतं.

पावसाळ्यात आमच्या मालकायले, खुशालरावायले, टायफाइड झाला. अमरावतीच्या दवाखान्यात पडून होते. घास घशाखाली उतरेना. तवा मी गावच्या मारोतीले बोलली, "देवा, यायले उभं कर. तुह्या दारात यायच्या भारंभार गूळ वाटीन." म्हंजे तराजूच्या एका पारड्यात मानूस, दुसऱ्यात गूळ. दोन्ही पारडे बरोबर झाले का तो गूळ गावाले वाटाचा. अन् बरोबर होईपर्यंत मानसानं पारड्यातून उतराचं नाही, असा आमच्याकडचा नेम हाय.

मारोतीनं ऐकलं. दिवाळीले मालक हिंडू-फिरू लागले. डाक्टरनं वजन केलं, तेवढ्या वजनाचा गूळ मी घरी आनून ठेवला, वरून एक भेली जास्त. संक्रांतीनंतरचा शनिवार ठरला. गंगेत घोडं न्हालं, असंच वाटलं मले.

अन् मंग थंडी पडली नं, बाप्पा!

त्या थंडीनं यायच्या पोटात भट्टीच पेटवली. सकाळी हुरडा, दुपारी वांग्याचं भरीत अन् भाकर, रविवारी वावरात रोडगे. "सुभद्रे, आनखी एक वाढ!" दिवस बुडला का शेकोटीजवळ बसाचं, अन् शेकोटीजवळ बसलं का शेंगदाने खायाचे. आधी वावरात चकरा मारत, आता ऊन वर आल्याबिगर गोधडी सोडेनात. सदऱ्याची गुंडी तुटली. ते खूश, अन् इकडं मी रोज भेल्या मोजत होती. गूळ कमी पडला तं? अख्ख्या गावासमोर नवस अर्धा!

तुमी म्हनसान, मंग आनखी आनाचा. नाही जमत. माही सासू सांगे, नवसाचा गूळ एकदाच आनाचा. मागून भर घातली तं देव म्हनते, हिनं आधी हात आखडता घेतला.

मंग मी भाकर लहान केली. तुपाची बरनी फळीवर चढवली. मालक म्हने, "अवं, दुकाळ पडला काय घरात?"

माही सून दामिनी तिवश्याच्या शाळेत सायन्स शिकवते. ते हसाले लागली. "मामी, थंडीत बहुतेकायचं वजन थोडंफार वाढतेच. भूक जास्त लागते, फिरनं कमी होते, अन् खायाले सारं ताजं-ताजं. मामाजी तं बिमारीतून उठले. त्यायचं अंग भरून येऊन राहिलं. चांगलं हाय ते."

"चांगलं हाय, पन शनिवारनंतर भरा म्हना त्यायले!"

शनिवार आला. शेजारच्या डोमाजीनं कापूस मोजाचा मोठा तराजू देवळासमोरच्या कडूलिंबाले टांगला. नारळ फुटला. मालक नवं धोतर सावरत पारड्यात बसले, अन् पारडं धप्पकन जमिनीले टेकलं. आमी एकेक भेली चढवली. शेवटची चढवली. वरची जास्तीचीबी चढवली. पारडं काही हलेना.

"वहिनी," डोमाजी वरडला, "दादा तं गुळाले भारी पडले!"

सारं गाव हसलं. मले असं वाटलं का धरनी पोटात घेईन तं बरं. डोळ्याले पदर लावला.

"अवं, रडते काहून?" मालक पारड्यातून बोलले. "पाह्य तं इकडं."

पाह्यलं. मांडी घालून बसले होते. गाल वर आलेले, मानेची हाडं कुठं दिसत नव्हती, अन् लोकायसंग स्वतःबी खदाखदा हसून राहिले होते. दवाखान्यात याच मानसाची कूस मी एका हातानं बदलत होती. भार कसा तो हाताले लागतच नव्हता. रातभर भेव वाटे, हा मानूस असाच हलका होत-होत जाईन काय म्हनून. अन् आता ते पारडं उचलता उचलेना! लाज-गीज गेली उडत. मले इतका आनंद झाला का तिथंच नाचावं वाटलं. देवानं देतानी मोजलं नाही, अन् मी गूळ मोजून आनला होता.

"हसा, खूप हसा!" मी लोकायवर वरडली. "गूळ कमी पडला माहा! पडू द्या!"

मारोतीपुढं कान पकडले. हात आखडता घेतला होता, कबूल. माहा पोरगा नितेश फटफटी काढून उभाच होता.

"मी तिवश्याहून आनतो, आई. किती आनू?"

"जेवढा कमी दिसते त्याच्याहून दोन भेल्या जास्त आन," मी म्हनलं. "नेमानं यायले उतरता येत नाही. तू येईपर्यंत यायचं पारड्यातच जेवन होईन."