गोळ्यांची वाटणी

सेलूच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, कापसाच्या ढिगात हात घालून ओल सांगणारे व्यापारी शिवाप्पा एका गोळीपुढे मात्र हरले. रक्ताचा कर्करोग निघाल्यावर संभाजीनगरच्या एका दवाखान्यानं त्यांना नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं होतं. किमो सगळ्यांना, सोबत निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

"कुणालाच ठाऊक न्हाई, अन् सही मात्र माझी!" ते बायकोला, महानंदाबाईंना म्हणाले होते.

त्याच चाचणीत झरीचे शेतकरी दिनकरराव होते. परतीच्या गाडीत ते खिडकीला डोकं टेकून बसले होते.

"आप्पा, लय मळमळायलंय."

"म्हंजे खरी गोळी तुमालाच लागली," शिवाप्पा हेव्यानं म्हणाले. "आमी आपले पोटभर जेवायलोय."

"निम्म्यांना खरी म्हणले ना? मंग आपल्या दोघांत एकाची खरी असणारच."

मोंढ्यात दोन ढिगांतला चांगला कोणता हे कळेना, की दोन व्यापारी दोन्ही ढीग निम्मे निम्मे उचलतात. परतूर स्टेशन मागं पडेपर्यंत तशाच दोघांच्या महिन्याच्या अठ्ठावीसपैकी चौदा चौदा गोळ्या या डबीतून त्या डबीत गेल्या.

तीन महिने असंच चाललं. दोघांचेही अहवाल स्वच्छ आले.

"आप्पा, तुमच्या आकड्यांवरून पुढं हजारो लोकांचं औषध ठरणार," डॉक्टरीणबाई कौतुकानं म्हणाल्या.

शिवाप्पांना डब्यांतली वाटणी आठवली. सांगावं तर चाचणीतून नाव जाणार, गोळी बंद, आणि आजार उलटला तर? न सांगावं तर हजारोंच्या औषधात आपली भेसळ. त्यांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला आणि तोंडून सगळं निघून गेलं.

"रिपोर्ट चांगला आला व्हता, तोंड कशाला उघडलं?" बाहेर दिनकरराव कडाडले.

आठ दिवसांनी दोघांना बोलावणं आलं.

"ज्यांच्याकडे यादी असते त्यांनी तपासलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हा दोघांच्या गोळ्या एकाच प्रकारच्या होत्या. अदलाबदलीनं काही बिघडलं नाही. चाचणीत राहा, पण पुन्हा असं करू नका."

"एकाच प्रकारच्या म्हंजे खऱ्या?"

"ते मलाही सांगितलेलं नाही."

परतीच्या गाडीत दोघं आपापली डबी घट्ट धरून बसले. सेलू जवळ आलं तसे दिनकरराव म्हणाले,

"तुमच्या खरेपणानं नुसकानच केलं, आप्पा. इतके दिस दोघांत एक तरी खरी व्हती."