वाघाचा उपास

पर्वतीखालच्या शिकारखान्यातला वाघ बघून भिवजी चिताऱ्याने चित्र काढलं आणि रिवाजाप्रमाणे डोळे शेवटी उघडले. "डोळे उघडलेत, आता उपाशी कसं ठेवायचं?" म्हणत बायको सगुणा रोज चित्रापुढे वरणभात ठेवू लागली. चित्रातल्या वाघाने चांगलं बाळसं धरलं.

वाड्यावरचे कारकून बघून म्हणाले, "अहो भिवजी, हा तर वामकुक्षीला निघालाय. उद्या हुजुरांना असाच दाखवलात, तर चाकरी गेली समजा."

भिवजीने पुन्हा रंग चढवले, तरी वाघाची ढेकर थांबेना. शेवटी त्याने सगुणेला हात जोडले. ती हळूच म्हणाली, "उद्या संकष्टी आहे. त्यालाही धरू दे."

दुसऱ्या दिवशी हुजुरांपुढे वाघाने असा जबडा वासला, की कारकून खांबाआड गेले. चाकरी राहिली. भिवजी मात्र चंद्र उगवायच्या आत मोदक आणायला घरी धावत सुटला.