वरचा बांगडा

शीव कोळीवाड्यातून हिंदमातापर्यंत मासळीची हातगाडी ढकलून ढकलून माझा गुडघा रडकुंडीला आला होता. धाकटे दीर उत्तम गॅरेजात कामाला. ते कुठूनशी रबरी टायरांची जुनी चाकं घेऊन आले. "वहिनी, गाडी लोण्यासारखी चालेल."

आमचे हे फणकारले, "रबर रस्त्याला चिकटतं. माझ्या बापानं बसवलेली लोखंडी धावेची चाकं आहेत, ती निघायची नाहीत."

"मग मोजून बघू दादा!"

गाडीला दोर बांधला, विहिरीच्या कप्पीवरून नेला, टोकाला टोपली टांगून आत सोडली. टोपलीत बांगडे टाकत जायचं. ज्या चाकांची गाडी कमी बांगड्यांनी ओढली जाईल, ती चाकं ठेवायची. चार बांगड्यांचा एक वाटा.

लोखंडी चाकांच्या वेळी बांगडे ह्यांनी टाकले. सात वाटे पडले तेव्हा गाडी खडखडत विहिरीकडे निघाली. चाकं बदलल्यावर हे म्हणाले, "आता तूच टाक. मागून माझ्या नावानं बोंब नको."

सहाव्या वाट्यालाच गाडी निघाली, तीही अशी गुपचूप की कठड्यावरची मांजर दचकून पळाली.

"जिंकलो वहिनी!"

ह्यांनी टोपली वर ओढून बांगडे मोजले. "सहा वाट्यांचे चोवीस. हे तीस कसे गो?"

माझ्या लक्षात आलं. वाटा घातला की वर एक बांगडा टाकायचा, ही जन्माची सवय. गिऱ्हाइकानं मागायच्या आत हात जातो.

"वरचे कोण मोजतं?" मी म्हटलं.

"मी मोजतो! काय रे उत्तम, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र पाहिजे ना तुला? मग वरच्यांसह मोज!"

भावजी सभांमध्ये हीच घोषणा देत फिरायचे. "हवा कमी असेल टायरात," म्हणत ते टायर दाबून बघायला लागले.

बाजाराची वेळ झाली होती. मी बसून बांगडे पाटीत भरले आणि उठताना गुडघा कटकन वाजला. विहिरीचा कठडा धरून उभी राहिले. हे बघत होते. मग बापाची चाकं उचलून त्यांनी भिंतीला टेकवली.

"दोन बांगड्यांनी हरलीस तू."

"हरले."

"टायर गाडीलाच राहू दे. वरचा बांगडा समज."

"आणि हवा?"

"वरच्यावर आणखी वर मागते!" म्हणत हे पंप शोधायला गेले.