उलट्या पावलांचं शेत

मित्रांनो, मी एक जुना प्लायवूडचा फळा आहे आणि सध्या शहापूरजवळच्या एका गोदामाच्या गेटसमोर चिखलात उताणा पडलेलो आहे. मला पाय नाहीत. माझ्यावर मात्र पुष्कळांचे पडले.

माझा जन्म खोक्यांचा. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून आली, त्यांची झाकणं सुताराने एकमेकांना ठोकली आणि मी चांगला खोलीएवढा झालो. कारण असं की, मुंबईहून एक मॅडम येणार होत्या. सगळ्यांनी मिळून एक चित्र काढलं की एकत्र काम करायची सवय लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. गोदामात त्या सवयीची गरज होती. पॅकिंगच्या बायकांमध्ये मंगळीच्या टेबलावर खोकी साचायची. खडी फोडताना तिची दोन बोटं चेचली होती, ती वळत नसत. सुपरवायझर सुनिल याने तिला सांगून ठेवलं होतं, की हा आठवडा बघू, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस. पाड्यावर तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

मॅडमनी मला जमिनीवर पसरलं. मध्ये खडूची रेघ मारली. अर्धा भाग ऑफिसच्या पुरुषांना, अर्धा बायकांना. विषय एकच, हिरवं भातशेत.

पुरुषांनी आधी मीटिंग घेतली. सुनिलला प्रमुख नेमलं. मग वेळ वाचावा म्हणून सगळे कडेकडेने रंगवत आत निघाले. काम झपाट्याने झालं, फक्त शेवटी सगळे मधोमध उभे राहिले आणि चहूकडे ओला रंग. बाहेर यायला वाट ठेवायची हे मीटिंगमध्ये कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सुनिल तसाच बूट घालून बाहेर आला. त्याची पावलं माझ्यावर अजून आहेत. ठसठशीत आहेत.

बायकांनी मीटिंग घेतली नाही. जनी, मैना आणि मंगळी यांनी पदर खोचले, भिंतीच्या कडेला ओळीत वाकल्या आणि आवणीला, म्हणजे भात लावायला उतरावं, तशा एकेक रोप रंगवत मागे मागे सरकू लागल्या. पुढे रोपं, मागे मोकळी जागा. मंगळी मागे पडली. जनीने तिच्याकडे न बघताच स्वतःच्या रोपांबरोबर तिच्या वाट्यातली दोन रोपं काढली. दुसऱ्या बाजूने मैनाने काढली. ओळ सरळ राहिली. तिघी कोरड्या पायांनी कडेवरून खाली उतरल्या.

सुनिल बुटाचा तळवा पुसत बघत होता. त्याने विचारलं, "मंगळीची लाईन कोनी भरली?"

जनी म्हणाली, "मागं पडलेलीची पात शेजारनीनं भरायची असते, सायब. गावाला, वैशाखऱ्याला जाल तवा तुमच्या आईला इचारा."

सुनिल पुन्हा बूट पुसू लागला. त्याची आई अजून आवणी करते, हे जनीला माहीत होतं आणि त्यालाही. सोमवारी मंगळी आली, तेव्हा तिघींची टेबलं एकमेकांना जोडलेली होती. खोकी साचायची थांबली. मला भिंतीवर चढवलं. पाहुणे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत, मीही ताठ राहत असे.

मग नवी पद्धत आली. टेबलं सुटी झाली, प्रत्येकीला खोकी मोजणारं एक यंत्र मिळालं आणि वर पडद्यावर प्रत्येकीचा आकडा दिसू लागला. मंगळीचं नाव रोज तळाशी, लाल अक्षरात. शेजारणीने मदत केली, तर शेजारणीचं नाव लाल व्हायचं. मला उतरवून, तोंड भिंतीकडे करून उभं केलं आणि पाठीवर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसत नसे. लोक ते वाचून लगेच पडद्यावर आपला आकडा बघत, त्यावरून नवे नियम असावेत असा अंदाज आला. भिंतीकडे बघत मी दोन वर्षं काढली. पूर्वी मंगळीचं हसणं ऐकू यायचं. एका सोमवारपासून ते आलं नाही.

यंदा गेटसमोर चिखल झाला, तसं मला आणून त्यावर टाकलं. आवणीला चिखल लागतोच, तो उशिरा मिळाला. दिवसभर लोक तुडवून जातात. खाली बघत कोणी नाही.

काल संध्याकाळी मंगळी आली होती. जनीला आणि मैनाला रविवारच्या आवणीला बोलवायला. माझ्यापाशी आली आणि थांबली. वाकून तिने त्या दोन बोटांच्या बाजूने माझ्यावरचा चिखल पुसला. स्वतःची वाकडी रोपं तिने ओळखली, आणि मधली सरळ रोपंही, जी तिची नव्हती.

जनी पाऊल टाकणार, एवढ्यात मंगळी म्हणाली, "इथं पाय नको देऊ गो. लावलेलं हाय."

मग त्या तिघी पलीकडच्या अर्ध्या भागावरून, सुनिलच्या बुटांच्या ठशांवर पाय देत देत, गेल्या.

मित्रांनो, माझी फार मागणी नाही. जमलं तर मला इथून उचला, धुऊन कोरड्या जागी ठेवा. पण घाई नाही. त्याआधी आपल्या शेजारच्या टेबलावर किती खोकी साचलीत, तेवढं एकदा बघून या.