पडद्यावरचा धुरा

भुपेंद्रला खिडक्या आवडत नसत. घरातल्या नव्हे, कॉम्प्युटरमधल्या. एकीवर एक, एकीवर एक, कपाटात कोंबलेल्या साड्यांसारख्या. वर प्रत्येकीच्या कोपऱ्यात ती फुली. "माणसानं काम सोडून पळून जावं म्हणून दरवाजाच ठेवून देल्ला," असं तो म्हणायचा.

तुमसरच्या बाजारात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी शटर अर्धं ओढून तो आणि दामिनी जगाचा पडदा नव्याने आखायला बसत. दामिनी कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना खिडक्या कशा उघडायच्या ते शिकवायची आणि रविवारी त्या मोडायला यायची.

खिडकी नाही. फोल्डर नाही. फुली नाही.

मग काय?

बांधी.

धानाच्या शेतातला बांध घातलेला तुकडा असतो, तशीच. पडदा म्हणजे शेत. एका मोठ्या पडद्यावर दोन माणसं, दोन माऊस, दोन कीबोर्ड. ज्याची त्याची बांधी, बांधीत ज्याचं त्याचं काम. आणि दोन बांध्यांच्या मधोमध

— — — — — — — — — —

हा धुरा, म्हणजे बांध.

"सरळ काढ ना," दामिनी म्हणाली.

"धुरा सरळ असते का कधी?" भुपेंद्रने बोटाने हवेत वाकडीतिकडी रेघ ओढली आणि तशीच मशीनमध्ये घातली. मशीन सुरू केलं की दर वेळी हाच वाकडा धुरा याच जागी उभा राहणार. त्यावर गवतही उगवलं.

मग त्याच्या डोक्यात आलं, धुरा आहे तर तो कोरता आला पाहिजे.

"काहून?" दामिनीने विचारलं.

"काहून म्हणजे? आपल्या माणसाले घरच्यासारखं वाटलं पाहिजे ना."

माऊस कडेला नेऊन टिचकी मारली की एक फावडं माती निघे आणि धुरा केसभर पलीकडे सरके. मोठमोठ्या कंपन्यांना हे सुचलं नव्हतं. त्यांना ते का सुचलं नसावं, हे भुपेंद्रला सुचलं नाही.

दोन वर्षं झाली. बांधी त्या दोघांच्या मशीनबाहेर कुठेच चालली नाही. त्याची बायको राखी एकदा पोळी लाटता लाटता म्हणाली, "ज्या चुलीवर कोणी रांधत नाही, ते चूल नोहे. ढेकूळ होय." त्या दिवसापासून भुपेंद्रला एकच ध्यास लागला. कोणीतरी परक्याने हे वापरावं. एकाने तरी.

भेटले ते भय्याजी. राइस मिलचे मालक. त्यांचा मोबाईल दुरुस्त करता करता भुपेंद्रने बांधीचं पुराण लावलं. भय्याजींनी ऐकलं, पान थुंकलं.

"माह्या मिलमंधी दोन मुनीम अन् एक टीव्ही रिकामा आहे. एक दिवस लावून पाय. संध्याकाळी मले पटलं तं ठेवू. नाही तं उचलजो अन् चालता होजो."

— — — — — — — — — —

उन्हाळी धानाचे दिवस. गेटबाहेर ट्रकांची रांग. ऑफिसात कूलर घरघरत होता, भिंतीवर टीव्ही, समोर दोन खुर्च्या. डावीकडे ताराचंद, बपेऱ्याचा, पिकल्या मिशांचा. त्याच्याकडे धानाची आवक. उजवीकडे मनिष, तुमसरचाच, जेलने केस बसवलेला. त्याच्याकडे तांदळाची जावक.

भुपेंद्र आणि दामिनी मागे स्टुलावर बसले. पाहुणे पोरीला पाहायला आल्यावर आईबाप बसतात तसे.

सकाळ छान गेली. दोघं टकाटक लिहीत होते. भुपेंद्रने दामिनीला कोपराने ढोसलं. मग मनिषचा माऊस चुकून धुऱ्याला लागला.

ताराचंदची बांधी: अमक्या ट्रकमधून धान आलं, ओलावा तपासला, पोती उतरली, चाळणी लावली, पावती दिली, ड्रायव्हर चहाला गेला.

— — — — — — — — — —

मनिषची बांधी: तांदूळ गेला.

पुढच्या तासाला:

ताराचंदची बांधी: ट्रक आला, धान

— — — — — — — — — —

मनिषची बांधी: तांदूळ गेला, आणि बांधी भरून उरली म्हणून मनिषने त्यात आपला फोटो लावला, फोटोशेजारी डोंगर लावला, डोंगरामागे सूर्य लावला.

मनिषच्या सात पिढ्यांत कोणाकडे शेत नव्हतं. बाप हमाल, आजा हमाल. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वाट्याला धुरा आला होता, आणि धुरा कोरण्यात काय गोडी असते ते त्याला आज कळलं.

ताराचंदने चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"मनिष, धुरा सरकला."

"हवेनं सरकला असन, काकाजी."

"टीव्हीत हवा?"

"कूलर सुरू आहे ना."

ताराचंदने अर्धी हयात बपेऱ्याला चुलतभावाशी धुऱ्यावरून भांडण्यात घालवली होती. इतकी वर्षं ती विद्या मिलमध्ये वाया चालली होती. तो ताठ बसला, बाह्या वर केल्या आणि खालच्या अंगाने कोरायला लागला.

आवक थांबली. जावक थांबली. टिच, टिच, टिच. बाहेरून हमाल आले. अर्धे ताराचंदच्या खुर्चीमागे, अर्धे मनिषच्या.

"वरून घे काकाजी, वरून! तिथं ढिला आहे!"

"मनिष, गवत नोको काढू, गवत निशाणी रायते!"

कोणीतरी पंच नेमले. एक ड्रायव्हरही पंच झाला. तो परराज्यातला असल्यामुळे निःपक्षपाती होता.

"लॉक टाक धुऱ्याले," दामिनी कुजबुजली. "आताच टाक."

"वापरून राहिले ते," भुपेंद्र म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "पाय ना, किती वापरून राहिले."

— — — — — — — — — —

भय्याजी आले ते ट्रकांचे हॉर्न ऐकून.

"काय होऊन राहिलं हे?"

"भय्याजी, यानं माहा धुरा कोरला," ताराचंद म्हणाला.

"तुहा धुरा? मिल माही, टीव्ही माहा, लाइटबिल मी भरतो!"

"टीव्ही तुमचाच जी. धुरा माहा."

भय्याजींनी भुपेंद्रकडे पाहिलं. "उचल हे. आत्ता."

ढेकूळ, राखीचा आवाज भुपेंद्रच्या कानात म्हणाला. तो वायरकडे वाकला, एवढ्यात ताराचंद खुर्चीतून उठला.

"नाही जी. पयले मोजणी."

"हाव," मनिषही उठला. "मोजणीबिगर कोणी हात लावाचा नाही."

दिवसभरात दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. हमालांनी माना हलवल्या. भय्याजी बोलायला गेले आणि थांबले. त्यांच्या स्वतःच्या शेताचा एक धुरा बापाच्या काळापासून भांडणात होता. भांडणातल्या धुऱ्याला हात लावला की माणूस खोटा ठरतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"बरं," ते हळू आवाजात म्हणाले. "मूळचा धुरा कुठं होता?"

सगळी मिल भुपेंद्रकडे वळली.

"त्यात काय एवढं," दामिनी म्हणाली. "एकदा बंद करून पुन्हा चालू—"

भुपेंद्रला खोकल्याची अशी काही उबळ आली की एका हमालाने पाणी आणलं. बंद करून चालू केलं असतं तर धुरा सकाळच्याच जागी, तसाच वाकडा, गवतासकट उभा राहिला असता. वाद मिटला असता. वाद मिटला की मोजणी नको, मोजणी नको की टीव्ही मोकळा.

तो पाणी प्यायला, त्याने तोंड पुसलं.

"बंद केलं तं धुरा कायमचा मिटन जी. कोणाचा होता, कुठं होता, मंग देवालेही सांगता येनार नाही."

"मंग बंद नोको करू," भय्याजी म्हणाले. "मोजणी होतवर कोणी हात लावाचा नाही."

टीव्हीभोवती रिकाम्या बारदान्याचं कुंपण झालं. माळ्यावरून जुना कॉम्प्युटर उतरवला, धूळ झटकली, खिडक्यावाला. त्यावर ताराचंदने आवक आणि मनिषने जावक बिनतक्रार लिहिली, एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसून. ट्रक हलले. येता-जाता दोघंही बारदान्यावरून टीव्हीकडे एक नजर टाकत.

दामिनीने आपलं स्टूल भुपेंद्रपासून दूर ओढलं.

आणि लाइट गेली.

पडदा चालू राहिला तो खालच्या बॅटरीच्या छोट्या डब्यावर, आणि डबा पीं-पीं करायला लागला.

"हे किती टिकते?" भय्याजींनी विचारलं.

डबा संपला की पडदा बंद पडून खोटं उघडं पडणार होतं. दामिनीच्या स्कूटीची चावी उचलून भुपेंद्र पळाला.

घरी राखी इन्व्हर्टरवरच्या पंख्याखाली भाजी निवडत होती. पंखा थांबला. तिने वर पाहिलं तर नवरा बॅटरी सोडवत होता.

"चाललं का मंग तुमचं?"

"कोणी हटूनच नाही राहिलं समोरून," तो म्हणाला. ते खरंच होतं.

"अन् पंखा?"

"येईन," भुपेंद्र म्हणाला. पंखा येईल की तो, हे राखीला समजलं नाही.

बॅटरी पायांत, गुडघे दोन्हीकडे फाकलेले, पँटवर बॅटरीचं पाणी सांडतंय, असा तो बाजारातून मिलवर आला. गेटपाशी दामिनी उभी होती.

"खोटं बोलला तू."

"हाव."

"मोजणी कधीच नाही होणार, माहीत आहे ना तुले?"

"हाव."

आतून पीं-पीं लवकर लवकर यायला लागली होती. दामिनीने कपाळावर हात मारला, मग ओढणी खोचली आणि बॅटरीचं एक टोक धरलं.

"उचल," ती म्हणाली.