माती न थोपटणारा हात

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी वडिलांच्या उजव्या हाताला तेल चोळत होते. धारच्या या पैलवानाला तो हात हलवता येत नव्हता, तांब्याही धरवत नव्हता.

“कुणाला बोलू नकोस, मालन. कळलं तर उद्या देवासला महाराजांसमोर उतरू देणार नाहीत,” अण्णा म्हणाले.

मी कुणालाच सांगितलं नाही.

हार मानणारा हाताने माती थोपटतो, मगच पंच कुस्ती सोडवतात. देवासला अण्णांच्या गळ्याला पेच बसला, डावा हात अंगाखाली अडकला. पंच शालिग्रामकाका उजव्या हाताकडे पाहत राहिले. अण्णा आखाड्यातच गेले.

तेराव्याला काका डोळे पुसत म्हणाले, “काय छाती! मरेपर्यंत माती थोपटली नाही बघा.”

सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हणाले, “काका, त्यांचा तो हात हलतच नव्हता. मला माहीत होतं.”