उतार

"सरळ आहे ना गं, सूनबाई? का कललीय?"

मामंजींनी मापाची उंच पट्टी दोन्ही हातांनी अशी धरली होती, जणू नव्या होडीची डोलकाठीच.

तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून ती म्हणाली, "सरळ आहे, मामंजी. फक्त हलू नका."

"जन्म गेला होड्या बांधण्यात. लाटेवर हललो नाही, तो जमिनीवर हलेन होय?"

नगरपालिकेत ती नकाशे काढायची. तळ्याकाठच्या सगळ्या वस्तीची मैलापाण्याची योजना आखली जात होती. घराघरांतून नळ्या यायच्या, त्या एका पंपघराला मिळायच्या आणि तिथून सगळं टेकडीमागच्या शुद्धीकरण केंद्रात जायचं. पट्टी धरणारा माणूस आज आला नव्हता. मामंजी आपण होऊन पुढे झाले. त्यांच्याच शेडसमोरचं माप, मग पट्टी परक्यानं का धरावी?

खालच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाली काकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय भावजी, सासऱ्या-सुनेनं काय खेळ मांडलाय?"

"उतार काढतोय, वहिनी, उतार! जाग आली एकदाची नगरपालिकेला."

"म्हणजे होडी ढकलताना तुमची कंबर नाही मोडायची आता!"

"मोडायची राहिलीय कुठं ती?"

दोघं खळखळून हसली. दुर्बिणीतला आकडा मात्र तिच्या डोळ्यांपुढं पुसट झाला.

होडीवाल्यांच्या तोंडी उतार म्हणजे शेडपासून पाण्यापर्यंतची फरसबंद घसरण. तिच्यावरून होडी तळ्यात सोडायची. मामंजींची घसरण कधीच उखडली होती आणि ती दुरुस्त करा म्हणून विनवून विनवून ते थकले होते. तिच्या कचेरीत उतार म्हणजे नळीचा ढाळ. सकाळी ती एवढंच बोलली होती, "शेडपाशी उतार काढायचाय." त्यांनी आपला अर्थ घेतला. तिनं तो घेऊ दिला.

पाण्याला वाट कुणी शिकवत नाही. ते आपलं खाली खाली जातं, लेक माहेराला जावी तसं. आणि वस्तीतल्या सगळ्या पाण्याची वाट जिथं संपत होती, तिथं मामंजींची शेड उभी होती.

दुपारी कचेरीत साहेबांनी नकाशावर बोट टेकवलं. "जागा दोनच निघतात. एक शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात आणि एक ही, तुमची. वरची घेतली तर खालची गल्ली योजनेतून सुटते. घाण काही चढ चढून यायची नाही." भला माणूस तो. आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही वरची दाखवा, मी सही करतो. कुणी विचारणार नाही."

कुणी विचारणार नाही. तिला बोचलं ते हेच. खालच्या गल्लीला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिथले शोषखड्डे पावसाळ्यात तुंबायचे, ते पाणी दारातून तळ्यात आणि तळ्यातून पुन्हा हंड्यात. काकूची नात सतत पोटानं आजारी, वाळून काडी झालेली.

संध्याकाळी मामंजी गाणं गुणगुणतच जेवायला बसले. मुलगा दूर नोकरीला, घरात ही दोघंच. "नव्या उतारावरून पहिली होडी सोडीन ना, तेव्हा तुलाच बसवीन आत. भिऊ नकोस हां."

वाढता वाढता तिचा हात थांबला.

"मामंजी, सकाळचा उतार होडीचा नव्हता."

"मग कसला?"

"मैलापाण्याचा. पंपघराला सगळ्यात खालची जागा लागते. ती... आपल्या शेडची आहे."

"म्हणजे माझ्या शेडमध्ये गावाचं..." पुढचा शब्द त्यांनी गिळला. पुढ्यात ताट होतं.

"दुसरी जागा आहे. वरची. साहेब ती घ्या म्हणतात. पण मग खालची गल्ली सुटते."

"आणि मी गावभर डांगोरा पिटून आलो. तू ऐकत होतीस?"

"तुमचं हसू बघून बोलवेना."

"वेडी!" हे लाडानं म्हटलं की रागानं, तिला कळेना. "मग काय करणार आहेस?"

"तुम्ही म्हणाल ते."

"ते नको. तुझं ओझं माझ्या डोक्यावर नको. नकाशा तुझा, तू बोल."

"खालची," ती म्हणाली.

त्यांनी ताट स्वच्छ केलं, हात धुतले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

सकाळी त्यांचं अंथरूण रिकामं होतं. ती चप्पल पायात अडकवून धावलीच. मामंजी काकूच्या दारात उभे होते.

"वहिनी, काल मी चुकीचं सांगितलं. उतार होडीचा नाही. तुमच्या गल्लीचा आहे. नळी येणार दाराशी."

"अगंबाई! आणि तुमची शेड?"

"जाईल. तिला कुठं पाय आहेत रुसून बसायला?"

काकू हसली नाही. हातातली इस्त्री तिनं हळूच खाली ठेवली.

मामंजी पुढच्या दाराशी गेले, मग त्याच्या पुढच्या. ती मागं मागं. शेवटी शेड आली. आत अर्धी बांधलेली होडी पालथी पडली होती. विकलेल्या गाईच्या पाठीवरून फिरवावा, तसा त्यांनी तिच्या तळावरून हात फिरवला.

"खणाल तेव्हा आधी लाकडाचा भुसाच लागेल. वरचा माझा. त्याखाली माझ्या बापाच्या रंध्याचा." ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "साहेबांना सांग, तो कचरा नव्हे."

आणि दाराचे खिळे उपटायला पकड शोधू लागले.